कुलूप कोणाचे, चावी कोणाची?

गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. आमचा धाकटा, आठवीत गेलेला, रात्री झोपेतून दचकून उठू लागला. आधी वाटले उकाड्याने होत असेल. शेजारचे म्हणाले, नजर लागली. त्याची दादी रोज झोपताना आयतल कुर्सी पढून त्याच्यावर दम करायची. तीन-चार रात्री झाल्यावर तिनेच आम्हाला बाजूला बोलावले आणि म्हणाली, "पोराच्या उशाखाली तुमचा जुना मोबाइल असतो. तो आधी काढा, मग माझा दम लागू पडेल."

मोबाइल काढला. त्यात अपघातांची भयंकर दृश्ये, मारामारी, भुताखेतांचे असे व्हिडिओ होते की आम्हा मोठ्यांनाही पुरते बघवेनात. आश्चर्य याचे वाटले की घरच्या वायफायच्या राऊटरवर व्हिडिओच्या साइट आम्ही स्वतः बंद केल्या होत्या. परीक्षेच्या काळात घातलेले ते कुलूप सुट्टीतही तसेच ठेवले होते. मग हे आले कुठून? जुन्या मोबाइलमध्ये व्हीपीएनचे अ‍ॅप होते, त्याने राऊटरचे कुलूप निकामी केले. त्याच मोबाइलवर आमचे खाते सुरू होते, मोठ्या माणसाचे. त्यामुळे 'वय १८ पूर्ण असेल तरच' असे विचारणारे दुसरे कुलूपही आपोआप उघडले.

आम्ही आवाज चढवला. तो मान खाली घालून म्हणाला, "अब्बा, ते अ‍ॅप तुम्हीच टाकलं होतं. मॅच बघायला."

उलट उत्तर देण्याचा त्याचा सूर नव्हता. जे घडले तेवढेच तो सांगत होता. एक क्रिकेट मालिका इथे पैसे भरल्याशिवाय दिसत नव्हती, दुसऱ्या एका देशात ती फुकट दिसत होती. आम्ही त्या देशात बसल्याचे भासवून ती बघितली. तेव्हा हाच मुलगा शेजारी बसून टाळ्या वाजवत होता आणि 'कसं केलंत?' म्हणून विचारत होता. आम्ही मोठ्या कौतुकाने त्याला दाखवलेही होते.

आम्ही दोघेही शिक्षक. वर्गात शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाला उभे करतो. त्या रात्री आम्हालाच कोणी उभे केल्यासारखे वाटले. तेव्हापासून या विषयाबद्दल आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले, घरात बोललो. आपल्या बहुतेक घरांत आज हाच प्रश्न असणार, म्हणून ते इथे मांडतो.

व्हीपीएन म्हणजे काय?

आपण इंटरनेटवर काही बघतो तेव्हा आपल्या जोडणीला एक क्रमांक असतो. त्यावरून समोरच्या कंपनीला कळते की हा माणूस भारतात आहे की आखातात. व्हीपीएन आपली मागणी बंद पाकिटात घालून आधी दुसऱ्याच देशातल्या सर्व्हरकडे पाठवते आणि तिथून पुढे नेते. समोरच्याला पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. पाकीट बंद असल्यामुळे घरच्या राऊटरलाही आत काय आहे ते कळत नाही.

ही वस्तू मुळात वाईट नाही. बँका, इस्पितळे, घरून काम करणारी मुले आपली माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी ती रोज वापरतात. भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. सुरी कांदा चिरायलाही लागते. प्रश्न आपण ती कुठे चालवतो याचा आहे.

पहिले कुलूप : ज्याचा माल त्याचे

एखादा चित्रपट एका देशात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. निर्माता दाखवण्याचे हक्क देशानुसार वेगवेगळे विकतो. भारताचे हक्क एकाकडे, आखाताचे दुसऱ्याकडे. त्या पैशातून कॅमेरावाला, शिंपी, स्पॉटबॉय, संगीत वाजवणारा यांची रोजी निघते. मराठी चित्रपटाचा जीव तर लहानच. तो टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर फुकट आला की पुढचा चित्रपट काढण्याची त्या निर्मात्याची ताकद राहत नाही.

आपल्याकडे या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. दुसऱ्याचा हक्क मोडण्याच्या हेतूने त्याने लावलेले तांत्रिक कुलूप तोडले, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. आता थिएटरात बसून चित्रपट चोरून रेकॉर्ड केला, तर किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. दंड किमान तीन लाखांचा आणि चित्रपटाच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

काही जण म्हणतात, "वस्तू कुणाची उचलली? मूळ चित्रपट तर जागेवरच आहे!" या शंकेवर पूर्वी उलेमांमध्येही मतभेद होते. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला इंटरनॅशनल इस्लामिक फिक्ह अकॅडमीची पाचवी बैठक झाली. लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीयतच्या दृष्टीने खरे हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा निर्णय तिथे झाला. म्हणजे हा हक्कुल इबादचा, बंद्याच्या हक्काचा मामला आहे. त्यात ज्याचा हक्क मारला त्यानेच माफ करावे लागते, ही जाण आपल्याला लहानपणापासून दिलेली असते. चित्रपट बघावा की न बघावा हा वेगळा विषय आहे, त्यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत. पण बघायचाच असेल, तर बनवणाऱ्याचा पैसा बुडवून बघू नये, एवढे तरी सर्वांना पटावे.

आमच्या मॅचचेही तसेच. खाते उघडताना आम्ही 'अटी मान्य' या चौकोनावर टिचकी मारली होती. ती न वाचताच मारली, हे खरे. पण न वाचता दिलेला शब्दही शब्दच असतो. करार पाळण्याची ताकीद कुराणात सूरह माइदाच्या अगदी सुरुवातीलाच आहे. तो हुकूम जमिनीच्या व्यवहाराला लागू आणि मोबाइलच्या खात्याला नाही, असे कुठे म्हटले आहे?

पासवर्डचेही असेच झाले. एकाने पैसे भरायचे आणि पाच घरांनी बघायचे, हे आपल्याकडे नात्याचेच लक्षण समजले जाई. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात सांगितले की एक खाते एका घरापुरते. तेव्हा आमच्या नात्यात बरीच नाराजी झाली. पण ज्याचे दुकान, त्याचा भाव. परवडत नसेल तर दुसरे दुकान आहे, किंवा न घेणे आहे.

प्रत्येक कुलूप न्याय्य असते का?

नसते. आमच्या कोकणात बऱ्याच घरांतले एक तरी माणूस आखातात असते. एके काळी सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत डीव्हीडी असायच्या, कार्टूनच्या आणि हजच्या माहितीच्याही. त्यातल्या काही इथल्या प्लेअरवर चालायच्या नाहीत. कारण कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले होते. आखात विभाग २ मध्ये, भारत विभाग ५ मध्ये. दुकानातून रोख पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी, आणि आपल्याच घरी चालेना!

नॉर्वेतल्या एका मुलाची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. १९९९ साली जॉन लेक जोहान्सन हा १५ वर्षांचा होता. डीव्हीडीचे कुलूप उघडणारा एक प्रोग्राम त्याने इतर दोघांबरोबर मिळून बनवला. लिनक्सच्या संगणकावर डीव्हीडी चालाव्यात, हे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांच्या तक्रारीवरून त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयानेही तेच केले. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी माणसाने आपल्या यंत्रावर बघणे यात न्यायालयाला गुन्हा दिसला नाही.

फरक इथे आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पेटीची चावी बनवणे निराळे आणि दुसऱ्याच्या दुकानाची चावी बनवणे निराळे. आपला कायदाही हेतू विचारतो. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच नियत म्हणतो.

दुसरे कुलूप : वयाचे

हे कुलूप कमाईसाठी नसते. ते मुलांसाठी असते, आणि नेमके तेच आपण सगळ्यात सहज मोडतो. रडणाऱ्या पोराच्या हातात आपला मोबाइल देतो, म्हणजे मोठ्या माणसाचे खाते देतो. बारा वर्षांच्या मुलीला समाजमाध्यमाचे खाते हवे असते, आपणच जन्मवर्ष मागे सरकवून देतो. मुलाच्या हातून पहिली खोटी नोंद आई-बापासमोर, त्यांच्याच मदतीने होते.

२०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वर्ग द्यावा लागतो. सर्वांसाठी यू, मग यू/ए ७+, १३+, १६+ आणि प्रौढांसाठी ए. यू/ए १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांनी कुलूप लावण्याची सोय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. 'ए' असेल तर वयाची खातरजमा करायची आहे. ही सोय बहुतेक घरांत आहे, पण वापरलेली नाही. आमच्याही घरी नव्हती. टीव्हीवरच्या खात्यात पिन घालायला आम्हाला दहा मिनिटेही लागली नाहीत.

तिसरे कुलूप : सरकारचे

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार एखादी साइट किंवा अ‍ॅप बंद करू शकते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद झाली, ती या कलमाखाली. मे २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानात बनलेल्या मालिका, चित्रपट, गाणी थांबवण्याची सूचना ओटीटींना केली. मालिका अर्धवट राहिली म्हणून हळहळणाऱ्या बाई आमच्या स्टाफरूममध्ये सर्व धर्मांच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी व्हीपीएनचे नाव सुचवले.

सरकारचा प्रत्येक निर्णय बरोबरच असतो, असे आम्ही म्हणत नाही. बंदी घालताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९अ कायम ठेवले, त्यामागे त्यातल्या या अटीही होत्या. निर्णय पटत नसेल तर अर्ज, वर्तमानपत्रातले पत्र, न्यायालय हे उघडे दरवाजे आहेत. खोलीची कडी लावून मालिका बघणे हा विरोध नव्हे. तो आपला मोह, त्याला तत्त्वाचे नाव देऊ नये.

चौथे कुलूप : पाहुण्या मुलखाचे

हे कुलूप आमच्या दादीला सर्वांत जड जाते. तिचा मधला मुलगा शारजात आहे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यासाठी ठरावीक परवानगी असलेलीच अ‍ॅप चालतात. आपल्या रोजच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ कॉल तिथे लागत नाही. नातीचा चेहरा बघायचा म्हणून दादी त्याच्या मागे लागली, "बाकीच्यांची पोरं करतात काहीतरी, तुलाच कसं जमत नाही?"

तो म्हणाला, "अम्मी, नोकरी गेली तर माझा चेहरा रोज बघशील, पण महिन्याची रक्कम दिसणार नाही."

त्याचे बरोबर होते. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरले, तर पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड होऊ शकतो, कैदही होऊ शकते. परक्या मुलखात व्हिसा घेऊन गेलेला माणूस तिथले नियम पाळण्याचे कबूल करून गेलेला असतो. आईची तळमळ खरी आहे, म्हणून तिच्यापायी मुलाची रोजी धोक्यात घालता येत नाही. शेवटी आम्ही दादीच्या मोबाइलवर तिथे परवानगी असलेले अ‍ॅप घालून दिले. आता जुम्म्याला, नमाजनंतर, तिचा दरबार भरतो. इकडून भाऊ-बहिणींना आमचा आग्रह आहे : आखातातल्या माणसाला 'कर ना काहीतरी' असे म्हणू नका. धोका त्याच्या डोक्यावर असतो.

वर्गातली अडचण

आमच्या शाळेत इंटरनेट कधी असते, कधी नसते. मग शिक्षक घरी व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर नेतात. आम्हीही नेले आहेत. भल्यासाठी केले म्हणजे सगळे माफ, असे आम्हाला वाटायचे.

वाचल्यावर कळले की भल्या कामासाठी कायद्यानेच बरीच वाट ठेवली आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला सूट आहे. शाळेच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी चित्रपट दाखवण्यालाही आहे. २०१२ पासून दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात साहित्य बदलून देण्यालाही सूट आहे. कर्णबधिर मुलासाठी व्हिडिओखाली मजकूर घालणारा शिक्षक चोर ठरत नाही. ही सूट शिकवण्यापुरती आहे. तोच व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर, तिथून गावभर पाठवायला ती लागू नाही.

शिवाय सरळ रस्तेही आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा अ‍ॅपवरचे बरेच पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय दाखवता येतात. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. काही व्हिडिओंवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. बनवणाऱ्याचे नाव दिले की ते पुन्हा वापरता येतात. आणि सगळ्यात सोपा रस्ता विचारण्याचा. पचनसंस्थेवरचा एक सुंदर मराठी व्हिडिओ आम्हाला हवा होता. बनवणाऱ्या शिक्षकांना आम्ही दोन ओळी लिहिल्या. त्यांनी मूळ फाइल पाठवली, सोबत एक प्रश्नपत्रिकाही.

फुकटची चावी महाग पडते

व्हीपीएन लावले म्हणजे आपण अदृश्य झालो, हा गैरसमज आहे. पाकीट ज्याच्या हातात देतो तो पत्ता वाचू शकतो. ओनावो नावाचे एक फुकट व्हीपीएन होते. २०१३ मध्ये ते फेसबुकने विकत घेतले. 'तुमची माहिती सुरक्षित ठेवू' म्हणणारे हे अ‍ॅप लोक मोबाइलवर काय वापरतात ते टिपून कंपनीला देत होते. २०१९ मध्ये ते बंद करावे लागले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने कंपनीच्या शाखांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर नावगाव नसलेल्या अ‍ॅपवर आपण मुलीचे फोटो आणि बँकेचे खाते असलेला मोबाइल कसा सोपवतो? आपल्याकडेही २०२२ पासून व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे ठेवावी असा आदेश आहे. तो नको म्हणून अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

आमच्या घरी काय बदलले

त्या रात्रीनंतर दोन दिवस आम्ही धाकट्याशी या विषयावर काहीच बोललो नाही. बोलण्याचे तोंड नव्हते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना जेवणानंतर बसवले आणि आधी आमची चूक सांगितली. मॅच अशी बघणे योग्य नव्हते, आणि ते तुला कौतुकाने दाखवणे त्याहून वाईट होते, असे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. दादीने मात्र मान हलवली.

मग व्हीपीएन सर्व मोबाइलवरून काढले, आधी आमच्या. जुन्या मोबाइलवरचे आमचे खाते बंद करून त्याचे स्वतःचे, वयाला साजेसे खाते उघडले, खऱ्या जन्मतारखेने. टीव्ही बैठकीच्या खोलीत आणला. एका वेळी एकाच ओटीटीचे पैसे भरायचे आणि तो नको झाला की बंद करून दुसरा घ्यायचा, असे ठरले. घरातले प्रत्येक कुलूप का आहे ते मुलांना सांगायचे आणि 'हे काढा' म्हणण्याचा हक्क त्यांना द्यायचा, असेही ठरले. अकरावीतल्या मोठीने पहिल्याच आठवड्यात हक्क वापरला. राऊटरवर व्हिडिओच्या साइट सरसकट बंद असल्यामुळे तिचे रसायनशास्त्राचे तासही बंद होते. तिचे म्हणणे रास्त होते, ते कुलूप आम्ही काढले.

कुठल्याही कुलपासमोर आम्ही आता तीन गोष्टी विचारतो. हे कोणी आणि कशासाठी लावले? आत जायचा सरळ रस्ता आहे का? आणि जे करणार आहोत ते मुलांसमोर मोठ्याने सांगता येईल का? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक वेळा निकाल लागतो.

सगळे सोपे झालेले नाही. बकरी ईदला मामूंच्या घरी सगळे जमलो होतो. दुपारी कुणीतरी पेनड्राइव्ह लावला. थिएटरात नुकताच लागलेला चित्रपट, पडद्यावर मधूनच उठून जाणाऱ्या माणसाची सावली. धाकट्याने सगळ्यांसमोर विचारले, "अब्बा, हे कुठून आलं?" मामू हसून म्हणाले, "मास्तरांचं पोरगं शोभतंय!" सगळे हसले. ईदच्या दिवशी यजमानाच्या घरात वाद काढण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही, चित्रपट चालूच राहिला. आम्ही उठून मागच्या अंगणात गेलो, तिथे गोश्ताचे वाटे करणे चालले होते. थोड्या वेळाने धाकटाही आला आणि पिशव्यांवर घरांची नावे लिहू लागला.